सांधे आखडतात तेव्हा कामाचे काय होते?

संधिवात हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. गुडघ्यावर हात टेकून उठणारी आजी, थंडीत हाताला तेल चोळत बसलेले आजोबा. म्हातारपण आले की सांधे धरायचेच, असे आपण सहज म्हणून जातो. या चित्रात खोटे काही नाही, पण ते अर्धेच आहे. आमवात हा संधिवाताचा एक त्रासदायक प्रकार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. म्हणजे तो माणसाला गाठतो तो ऐन कामाच्या वयात. घर, नोकरी, शेती, मुलांची शिक्षणे या साऱ्यांचा भार अंगावर असताना.

अशा माणसाच्या कामावर या आजाराचा काय परिणाम होतो? तो होतो कसा, मोजतात कसा आणि टाळता येतो का? या प्रश्नांची उत्तरे शरीरशास्त्रात आहेत, पदार्थविज्ञानात आहेत आणि थोडी आपल्या वागण्यातही आहेत. 'हल्ली बाईंचे कामात लक्ष नसते' किंवा 'हा मुलगा लिहायचा कंटाळा करतो' असे म्हणण्यापूर्वी ती माहीत असलेली बरी.

बर्फाहून गुळगुळीत

गुडघा, कोपर, बोटांचे पेर अशा कोणत्याही हलत्या सांध्यात दोन हाडे समोरासमोर येतात, पण ती एकमेकांवर घासत नाहीत. प्रत्येक हाडाच्या टोकावर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. दोन कूर्चांच्या मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव असतो. हे झाले सांध्याचे वंगण. ते तयार करण्याचे काम सांध्याच्या पिशवीला आतून असलेले पातळ अस्तर करते. या व्यवस्थेमुळे सांध्यातील घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होते त्याहूनही कमी असते. इतकी वर्षे, दुरुस्तीसाठी एकदाही न थांबता चालणारे असे बेअरिंग अजून कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नाही.

कूर्चेची दोन वैशिष्ट्ये पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवीत. पहिले म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न मिळते कसे? ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते आणि सोडला की पुन्हा आत शिरते. कूर्चेचेही तसेच आहे. चालताना ती दाबली जाते, सैल होते आणि भोवतीच्या द्रवातून अन्नघटक आत घेते. म्हणून सांध्याला हालचाल हवी असते. दुसरे वैशिष्ट्य असे की कूर्चेत चेतातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. दुखायला लागते तेव्हा हाड, अस्तर, सांध्याभोवतालचे बंध यांच्यापर्यंत प्रकरण पोहोचलेले असते.

झीज वेगळी, दाह वेगळा

संधिवात हे एका आजाराचे नाव नाही. सांध्यांच्या शंभराहून अधिक विकारांना मिळून आपण हे नाव देतो. त्यातील दोन प्रमुख प्रकार समजून घेऊ.

पहिला झिजेचा संधिवात. यात कूर्चा हळूहळू पातळ होते, भेगाळते आणि शेवटी हाडाला हाड लागते. वाढते वय, वाढलेले वजन, सांध्याला पूर्वी झालेली इजा ही त्याची काही कारणे. कामाचाही त्यात वाटा असतो. वर्षानुवर्षे गुडघे मुडपून, उकिडवे बसून किंवा जड ओझी उचलून कराव्या लागणाऱ्या कामांत गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढतो. खुरपणी, भातलावणी, फरशी बसवणे ही आपल्याकडची कामे नजरेसमोर आणा. म्हणजे येथे बाण दोन्ही दिशांनी जातो. काम सांधा बिघडवते आणि बिघडलेला सांधा काम अडवतो. २०२० साली जगात सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना झिजेचा संधिवात होता, असा अंदाज आहे.

दुसरा प्रकार आमवात. इंग्लंडमधील डॉक्टर आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड यांनी १८५९ साली याला गाउटपासून वेगळे काढून 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. यात दोष झिजेचा नसतो. जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवते. ते नाजूक अस्तर सुजते, जाड होते आणि तणासारखे पसरत कूर्चा व हाड कुरतडू लागते. हाताच्या बोटांचे मधले पेर, बोटांची मुळे, मनगट, पायाचे चवडे यांवर पहिला घाव पडतो आणि बहुधा तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पडतो. शिवाय हा आजार केवळ सांध्यांचा राहत नाही. सांध्यात पेटलेल्या दाहाची रसायने रक्तातून सर्वत्र फिरतात. अंगात कसकस राहते, रक्त कमी होते, विलक्षण थकवा येतो. झोप काढूनही न जाणारा हा थकवा बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि कामाचे नुकसान करण्यात त्याचा वाटा वेदनेपेक्षा कमी नसतो.

आपल्या भागात हे प्रमाण किती आहे? पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन याची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या संयुक्त कार्यक्रमाचा तो भाग होता. सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत दर शंभरांमागे सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे असल्याचे आढळले. आमवाताचे प्रमाण दर हजारी पाचाच्या आसपास होते. पाच हा आकडा लहान वाटेल, पण पाच हजार प्रौढांच्या गावात पंचवीस घरे झाली. त्यातल्या बहुतेक घरांत आजारी पडलेली व्यक्ती ही घर चालवणारी बाई असते.

सकाळचे दोन तास

आमवाताच्या रुग्णाला दिवसातील सर्वांत कठीण वेळ कोणती, असे विचारले तर उत्तर येईल, सकाळ. उठल्यावर बोटे मिटत नाहीत, मनगट वळत नाही, पाय टेकवत नाही. झिजेच्या संधिवातातही सकाळी सांधे आखडतात, पण ते सहसा अर्ध्या तासाच्या आत सैल होतात. आमवातात हा काळ एक तासाहून अधिक, कधी दोन-तीन तासही चालतो. दोन्ही प्रकार ओळखण्याची ही एक साधी खूण आहे.

असे का होते? आपल्या शरीरातील अनेक रसायने घड्याळानुसार कमी-अधिक होतात. दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या द्रव्याचे रक्तातील प्रमाण आमवाताच्या रुग्णांत पहाटे शिगेला पोहोचते. दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही पहाटेच वाढते, पण या रुग्णांत ते पुरे पडत नाही. त्यातच रात्रभर हालचाल नसल्याने सांध्यात द्रव साचलेला असतो. दुपारपर्यंत तीच व्यक्ती बरीच मोकळी होते.

आता याचा कामाशी संबंध जोडून पाहा. सकाळची शाळा सात वाजता भरते. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना ज्या शिक्षिकेच्या हातून खडू निसटतो, तीच चौथ्या तासाला व्यवस्थित लिहिते. पाहणाऱ्याला यात ढोंग दिसते. 'मघाशी जमत नव्हते, आता कसे जमते?' पण हा बदल इच्छेचा नसून रसायनांचा आहे. सांधा आजारी आहे की नाही हे एका वेळी पाहून ठरवता येत नाही, ही गोष्ट घरी, शाळेत आणि कार्यालयात सर्वांनीच समजून घ्यायला हवी.

मस्टरवर न दिसणारी घट

आजारामुळे कामाचे किती नुकसान झाले हे मोजायचे कसे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रजेचे दिवस मोजणे. पण संधिवाताच्या बाबतीत हा मार्ग फसवा आहे. कारण हा रुग्ण अंथरुणाला खिळलेला नसतो. तो रोज कामावर येतो, सही करतो, जागेवर बसतो. काम मात्र रोजच्यापेक्षा कमी होते, हळू होते, त्यात चुका होतात. गैरहजेरीचा तोटा मस्टरवर दिसतो, हजेरीतला तोटा दिसत नाही. संधिवातात हा न दिसणारा तोटा बहुधा दिसणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

तो मोजण्यासाठी संशोधक प्रश्नावली वापरतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही वापरात असलेल्या एका प्रश्नावलीत अवघे सहा प्रश्न आहेत. गेल्या सात दिवसांत आजारामुळे किती तास काम बुडाले, किती तास काम केले आणि काम करताना आजाराने किती अडथळा आणला, अशा स्वरूपाचे हे प्रश्न. अडथळ्याला ० ते १० पैकी गुण द्यायचे. ० म्हणजे काहीच अडथळा नाही, १० म्हणजे काम पूर्ण अडले.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. समजा, एका कारकुनाचा आठवडा ४८ तासांचा आहे. संधिवातामुळे त्याचे ४ तास बुडाले. उरलेले ४४ तास तो हजर होता, पण अडथळ्याला त्याने १० पैकी ३ गुण दिले. म्हणजे त्या ४४ तासांतील तीन दशांश काम, म्हणजेच १३.२ तासांचे काम झाले नाही. एकूण तोटा ४ अधिक १३.२, म्हणजे १७.२ तास. आठवड्याच्या जवळजवळ ३६ टक्के! मस्टर मात्र चारच तास दाखवते. अर्थात रुग्णाने स्वतः दिलेल्या गुणांवर हे उत्तर अवलंबून असल्याने त्याला वजनकाट्याची अचूकता नाही. पण तोटा कोठे दडला आहे ते त्यातून कळते.

महिन्याच्या पगारावर असलेल्याला हा तोटा काही काळ झाकता येतो. जिथे मजुरी कामाच्या मापाने मिळते तिथे तो त्याच दिवशी हातात पडतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड दुमडणे, दोरा बांधणे हे सारे काम बोटांच्या पेरांचे, आणि आमवात प्रथम धरतो ती हीच पेरे. वेग निम्मा झाला की मजुरीही निम्मी. शेतमजुराचा खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी गेलीच. पुन्हा घरचे काम आहेच. भाकरी थापणे, कपडे पिळणे, हंडा उचलणे यांची नोंद कोणत्याही प्रश्नावलीत सहज बसत नाही, पण सांध्याला त्याचा भार पडायचा तो पडतोच.

हा तोटा वाढत गेला की शेवटी काम सुटते. विकसित देशांतही आमवात सुरू झाल्यापासून दहा वर्षांत निदान निम्म्या रुग्णांना पूर्णवेळ नोकरी टिकवता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. पण हे अटळ आहे का? नाही. काम वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कामाची पद्धत बदलणे आणि दुसरा, आजार लवकर आवरणे. आधी पहिला पाहू. तो आठवीच्या विज्ञानाने समजण्यासारखा आहे.

तरफेचे गणित

अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत खडू धरा. टोकाशी चिमटीचा जोर १ किलोग्रॅम असेल, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलोग्रॅमचा भार पडतो. कारण अंगठा ही एक तरफ आहे. भार टोकाशी, टेकू मुळाशी आणि ज्या स्नायूने जोर लावायचा तो टेकूच्या अगदी जवळ. कमी अंतरावरून जोर लावायचा असल्याने स्नायूला तो कितीतरी पट लावावा लागतो, आणि स्नायूची ती सारी ओढ सांध्यावर दाब बनून बसते. निरोगी सांध्याला हा भार सहज पेलतो, सुजलेल्याला पेलत नाही. गुडघ्याचे गणितही असेच. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार पडतो. झिजेचा संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात असे आढळले की, वजन १ किलोग्रॅमने उतरले की चालताना पडणाऱ्या प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोग्रॅमने उतरतो.

जी तरफ सांध्याच्या विरुद्ध काम करते तीच त्याच्या बाजूनेही उभी करता येते. नळाची गोल चकती २ सेंटिमीटर त्रिज्येची असेल आणि तिच्या जागी १० सेंटिमीटर लांब दांड्याचा नळ बसवला, तर तेवढेच आघूर्ण मिळवायला पाचव्या हिश्शाचा जोर पुरतो. शिवाय दांडा बोटांनी पिळावा लागत नाही, तळहाताने किंवा कोपराने ढकलता येतो. लहान सांध्याचे काम मोठ्या सांध्याकडे सोपवायचे, हे यातले सूत्र. पिशवी बोटांत न धरता खांद्याला अडकवणे, पातेले एका हाताने न उचलता दोन्ही तळहातांवर घेणे, बारीक पेनाला कापड किंवा रबर गुंडाळून जाड करणे, उकिडवे बसून करण्याचे काम ओट्यावर उभ्याने करणे, ही सारी त्याच सूत्राची उदाहरणे.

विज्ञानाच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन या क्ष-किरणांच्या साहाय्याने रेणूंची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञ. १९३८ साली, वयाच्या २८व्या वर्षी, पहिल्या बाळंतपणानंतर त्यांना आमवाताने गाठले. हातांचे सांधे सुजले. उपचार घेऊन त्या प्रयोगशाळेत परतल्या, तेव्हा क्ष-किरण यंत्राचा मुख्य स्विच त्यांच्या बोटांना ओढता येईना. त्यांनी काम सोडले नाही, स्विचला लांब दांडा जोडून घेतला. या घटनेपर्यंत त्यांचे मोठे काम व्हायचेच होते. १९४५ मध्ये पेनिसिलिनची आणि पुढील दशकात जीवनसत्त्व ब-१२ची रचना त्यांनी उलगडली. १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्सुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण चित्र त्यांनी आजारापूर्वी, १९३५च्या सुमारास घेतले होते. त्याची रचना त्यांच्या गटाला पूर्णपणे सापडली ती १९६९ मध्ये. त्या गटात भारताचे एम. विजयन हेही होते. पुढे त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचे काम उभे केले. १९९३ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, हॉजकिनबाई चाकांच्या खुर्चीतून बीजिंगच्या स्फटिकशास्त्र परिषदेला गेल्या होत्या.

त्या जिद्दीच्या होत्या यात शंका नाही. परंतु या कथेतून केवळ जिद्दीचा धडा घेतला तर अर्धा धडा सुटतो. स्विच तसाच ठेवून फक्त जिद्दीवर भर दिला असता तर सांधे आणखी बिघडले असते. बदलला तो स्विच. आणि तो बदलण्याचा अधिकार त्यांना होता, कारण प्रयोगशाळा त्यांची होती. विड्या वळणाऱ्या बाईला, कारकुनाला, शिपायाला हा अधिकार सहसा नसतो. तो त्यांना इतरांनी द्यावा लागतो.

औषधांनी बदललेले चित्र

दुसरा मार्ग आजार आवरण्याचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांना १९२९ साली असे दिसले की आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे मोकळे झाले. गरोदरपणातही बायकांचा आमवात उतरतो, हेही त्यांनी टिपले. शरीरातच दाह शमवणारे एखादे द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी एका तरुण रुग्णाईतेला कॉर्टिसोन टोचले. जेमतेम हलू शकणारी ती बाई आठवड्याभरात हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. पण औषध थांबताच दुखणे परतू लागले, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, जंतुसंसर्ग असे दुष्परिणाम दिसू लागले. आजही 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत चोरून स्टिरॉइड मिसळलेले आढळते. चार दिवसांत येणाऱ्या गुणाचे रहस्य अनेकदा हेच असते.

साध्या वेदनाशामक गोळ्या दुखणे कमी करतात, पण आमवातात हाड कुरतडण्याची क्रिया थांबवत नाहीत. हे काम करणाऱ्या औषधांत आज पहिले स्थान मेथोट्रेक्सेटचे आहे. त्याच्या जन्मकथेत आपल्याकडचे एक नाव आहे. आंध्रमधील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील गटाने १९४०च्या दशकात कर्करोगासाठी या कुळातील औषधे तयार केली. त्यातलेच मेथोट्रेक्सेट, अगदी कमी मात्रेत, आमवातासाठी वापरण्यास अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ते चालत नाही आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. पुढे, १९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी दाहाला पेटवणाऱ्या टी.एन.एफ. या प्रथिनालाच अडवणारे औषध प्रथम आमवाताच्या रुग्णांना दिले. जैविक औषधांचे पर्व तेथून सुरू झाले. ती महाग असली तरी मेथोट्रेक्सेटसारखी जुनी औषधे स्वस्त आहेत आणि बऱ्याच रुग्णांना तेवढी पुरतात.

या सर्वांत कळीचा मुद्दा वेळेचा आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य उपचार मिळाले तर सांधे वाचण्याची शक्यता खूप वाढते. एकदा हाड कुरतडले गेले की ते पूर्ववत होत नाही. आपल्याकडे मात्र हे महिने तेल, पुड्या, पथ्ये आणि 'वयोमानाने होणारच' या समजुतीत जातात. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ सांधे सुजलेले असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील, तर थांबू नये. संधिवाताच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

पूर्वी संधिवाताला विश्रांती सांगत. आज मत बदलले आहे. दाह भडकलेला असताना त्या सांध्याला आराम द्यावा, पण एरवी नियमित, बेताचा व्यायाम करावा. कूर्चेचे अन्न हालचालीतून मिळते हे आपण पाहिलेच. शिवाय सांध्याभोवतालचे स्नायू बळकट असतील तर ते भार वाटून घेतात.

शाळेत काय करता येईल?

संधिवात मुलांनाही होतो, हे अनेक शिक्षकांना माहीत नसते. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून अधिक टिकणारा आणि दुसरे कारण न सापडणारा संधिदाह हा बालसंधिवात मानला जातो. मूल नेहमी दुखते असे म्हणतेच असे नाही. ते सकाळी लंगडते, पहिल्या तासाला लिहीत नाही, कवायत टाळते, जमिनीवर बसायला नाखूश असते आणि दुपारच्या सुट्टीत मात्र खेळताना दिसते. सकाळच्या आखडण्याविषयी वर जे पाहिले ते आठवले तर हे वागणे विसंगत वाटणार नाही. आळशीपणाचा शेरा मारण्याआधी पालकांशी बोलावे. काही मुलांच्या डोळ्यांनाही, फारसे न जाणवता, दाह होतो. म्हणून बालसंधिवाताच्या मुलांचे डोळे वेळोवेळी तपासणे आवश्यक असते.

सहकाऱ्याच्या बाबतीत मुख्याध्यापकांच्या हाती बरेच असते. वेळापत्रकात पहिला तास मोकळा ठेवणे, वर्ग तळमजल्यावर देणे, तासातासाने जागा बदलता येईल अशी खुर्ची देणे, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा विद्यार्थ्यांकरवी पोहोचवणे, या गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. कायद्याचाही याला आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा वाजवी सोयी पुरवण्याची तरतूद आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा पदावनत करू नये, असेही त्यात सांगितले आहे. आस्थापनेच्या व्याख्येत शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात.

वर्गात करून पाहा

१. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. एकाच्या लिहित्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर चिकटपट्टी हलकेच गुंडाळा, म्हणजे बोटे पुरती दुमडणार नाहीत. त्याला पाच मिनिटे पुस्तकातील उतारा लिहू द्या आणि शब्द मोजा. मग पट्टी तशीच ठेवून पेनाला रबर किंवा कापड गुंडाळून ते जाड करा आणि पुन्हा पाच मिनिटे लिहून घ्या. शेवटी पट्टी काढून तिसऱ्यांदा. तिन्ही आकड्यांची तुलना करा. शर्ट घालून गुंड्या लावायला किती वेळ लागतो तेही मोजा.

२. दार बिजागरीपासून १५, ३० आणि ६० सेंटिमीटर अंतरावर स्प्रिंगच्या काट्याने ओढा आणि प्रत्येक वेळी लागणारा जोर टिपा. जोर आणि अंतर यांचा गुणाकार तिन्ही वेळा जवळपास सारखा येतो का?

३. आपल्या शाळेत फिरून यादी करा. कोणता नळ, कोणती कडी, कोणता जिना सुजलेल्या हाताला किंवा दुखऱ्या गुडघ्याला अडवील? त्यातल्या किती गोष्टी एक दांडा, एक कठडा किंवा एक उंच स्टूल देऊन सोडवता येतील?

पहिल्या प्रयोगात एक गोष्ट मुलांना करून दाखवता येत नाही, ती म्हणजे वेदना आणि थकवा. पट्टी बांधलेल्या मुलाला काही दुखत नसते आणि प्रयोग संपला की त्याचा हात मोकळा होतो. तरीही त्याने पाच मिनिटांत किती कमी शब्द लिहिले, हे वर्गाला दिसेल. तो मन लावून लिहीत होता हेही सर्वांनी पाहिलेले असेल. वर्गात एवढे कळले, तरी सकाळी संथपणे भाकरी थापणाऱ्या आईकडे आणि खडू निसटणाऱ्या बाईंकडे ही मुले वेगळ्या नजरेने पाहतील.